बढती कुणाची, बदली कुणाची

इंग्रजीत एक शब्द आहे : जेंट्रिफिकेशन. तोंडात सुपारी असताना तो उच्चारू नये, जीभ चावली जाण्याचा संभव आहे. 1964 साली रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो लंडनमधल्या घडामोडींसाठी काढला. जेंट्री म्हणजे खानदानी मंडळी. कामगारांच्या जुनाट वस्तीत बरे कमावणारे लोक राहायला येतात, रंगरंगोटी होते, भाडी चढतात आणि मूळचा कामगार एक दिवस बोचके उचलून चालू लागतो. आम्ही पडलो बी.कॉम. आम्हांला यातली नोंद एवढीच कळते : जागेची किंमत वाढली, की मालकाच्या खात्याला जमा, भाडेकरूच्या नावे!

मुंबईचे गिरणगाव घ्या. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या काही पुन्हा सावरल्या नाहीत. 1991 साली सरकारने नियम केला, की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे पाडावेत. एक महापालिकेच्या बागा-मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. अगदी तीन भावांत व्हावी तशी वाटणी! 2001 साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे फक्त मोकळ्या जागेचे, इमारतींखालची जागा त्यात धरायची नाही. म्हणजे वाडा थोरल्याचा आणि तीन वाटे काय ते अंगणाचे! मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. आसपास काचेच्या कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून तरुण साहेबलोक आले. आता साहेबाने ‘लोअर’ परळात राहायचे म्हणजे कसेसेच! तेव्हा बिल्डर लोक त्याच जागेला ‘अपर वरळी’ म्हणू लागले. बँकेत बावीस वर्षे खर्डेघाशी करूनही आम्ही लोअरचे अपर झालो नाही, परळ मात्र जागचे न हलता झाले. आमच्यात बढती घेतली की बदली ठरलेली. तिथे बढती परळला मिळाली आणि बदली चाळकऱ्यांची झाली. कोणी डोंबिवलीला गेले, कोणी विरारला.

आता आमचे सोलापूर. जुनी गिरणी 1877 ची. भोंगा झाला की गाव उठे, भोंगा झाला की जेवी. घड्याळ ही लग्नात सासऱ्याकडून घ्यायची वस्तू होती, वेळ बघायची नव्हे. आधी जुनी गिरणी बंद पडली, मग 1990 च्या दशकात लक्ष्मी-विष्णू. पण आमचे कोणी ‘अपर’ काही केले नाही. साहेबलोक यायचे राहोत, इथलीच पोरे साहेब होऊन पुण्याला गेली. जाणार कशाने, तर हुतात्मा एक्सप्रेसने. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांची आठवण म्हणून गाडीला दिलेले हे नाव!

आमचा भाचा त्यातलाच. त्याचे आजोबा गिरणीत साचेवाले होते. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो आणि वाकडला राहतो. त्याच्या आधी त्या घरात एक शाळामास्तर राहत. भाडे चढले, पगार चढला नाही, मास्तर गेले.

‘‘मामा, मी कुणाला घालवलं नाही हं. मालकानं आकडा सांगितला, मी दिला.’’

‘‘तसं परळातही कुणी कुणाला हात धरून घालवलं नाही की रे!’’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘यंदा मालक आणखी वाढवतोय. मला नाही परवडायचं. एक जण द्यायला तयार आहे म्हणे.’’

‘‘कोण बे तो?’’

‘‘अमेरिकेहून परत आलाय.’’

आजोबांची गिरणी बंद पडली ते साऱ्या गावाला कळले, कारण भोंगा वाजायचा थांबला. मास्तर गेले तेव्हा काहीच थांबले नाही, आणि उद्या भाचा निघेल तेव्हाही थांबणार नाही. इकडे आमच्या चाळीत त्याच्या आजोबांची खोली कुलूप लावून पडली आहे. सोलापुरात खोली आहे तर राहणारा नाही, पुण्यात राहणारा आहे तर खोली नाही. दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्याशिवाय आमच्या बँकेत कुणी घरी जात नाही. या ताळेबंदावर मात्र सह्या झालेल्या दिसतात!