पॉप्लरच्या उद्यानातील देवदूत

पहिल्या महायुद्धाची स्मारके इंग्लंडमध्ये गावोगावी आढळतात. त्यांवर बहुधा रणांगणी पडलेल्या सैनिकांची नावे असतात. पूर्व लंडनमधील पॉप्लर या गोदी कामगारांच्या जुन्या वस्तीत, एका लहानशा सार्वजनिक उद्यानात उभे असलेले स्मारक मात्र निराळे आहे. त्याच्या शिखरावर देवदूत आहे आणि खाली १८ शाळकरी बालकांची नावे कोरलेली आहेत. सैनिकाच्या नावासोबत हुद्दा लिहितात. येथे वय लिहिले आहे.

१३ जून १९१७ हा बुधवार होता. तोवर लंडनवर हल्ले होत ते मुख्यतः रात्री, झेपेलिन वायुनौकांतून. त्या दिवशी जर्मनीची ‘गोथा’ विमाने भर दिवसा ताफ्याने आली. नागरिकांना धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था नव्हती. आपलीच विमाने समजून कित्येकजण रस्त्यात उभे राहून ती पाहत होते. एक बॉम्ब अपर नॉर्थ स्ट्रीटवरील शाळेचे छप्पर भेदून, वरचे दोन मजले फोडीत, तळमजल्यावरील शिशुवर्गात फुटला. मृत्यू पावलेल्या १८ मुलांपैकी १६ जण अवघ्या चार ते सहा वर्षांचे होते. त्या दिवशी लंडनमध्ये एकूण १६२ माणसे दगावली.

२० जून रोजी पॉप्लरमधील ऑल सेंट्स चर्चमध्ये अंत्यविधी झाला. १५ बालकांना एकाच कबरीत मूठमाती देण्यात आली. पुढे लोकवर्गणीतून हे स्मारक उभे राहिले. २३ जून १९१९ रोजी त्याचे अनावरण झाले, ते लंडनच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख राहिलेले मेजर जनरल अ‍ॅशमोर यांच्या हस्ते.

दुःखाबरोबर सूडाची मागणीही उठली होती. जून-जुलैच्या हल्ल्यांनंतर जनरल स्मट्स यांनी केलेल्या शिफारशींनुसार १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटनचे स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले. पुढल्या महायुद्धात १९४० साली पूर्व लंडनवर पुन्हा बॉम्ब पडले, तर १९४३ साली ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्ग जाळले. तेथील घरांतही चार-पाच वर्षांची मुले होतीच.

राष्ट्रांनी त्या शाळेच्या ढिगाऱ्यातून अधिक प्रबळ शस्त्रांचा धडा घेतला. पॉप्लरच्या कष्टकऱ्यांनी मात्र आपल्या घामाच्या पैशांतून तोफ किंवा तलवार नव्हे, तर देवदूत उभारला. मुलांची नावे आणि वये त्याच्या पायाशी आजही वाचता येतात.