मार्सेयच्या धक्क्यावरची काही मिनिटे

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेयला हल्ली मराठी पर्यटकही जातात. एका दिवसाचा खाजगी वाटाड्या ठरवला की फेरीचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी जुने बंदर, मग टेकडीवरचे नोत्र-दाम द ला गार्दचे चर्च, आणि पुढे होडीने उपसागरातील शातो दीफ हा बेटावरचा किल्ला. किल्ल्यात पोहोचल्यावर वाटाड्या हमखास एका कैद्याची गोष्ट सांगतो. अंधारकोठडीतून निसटून समुद्रात पडलेला आणि पोहून सुटलेला तो कैदी म्हणजे एदमाँ दांतेस, अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चा नायक. तो कधी अस्तित्वातच नव्हता.

मराठी पर्यटकाच्या मनात मात्र याच पाण्यात उतरलेला दुसरा एक कैदी असतो. तो खरा होता. त्याची तारीख, वेळ, बोटीचे नाव, पकडणाऱ्या शिपायाचे नाव, सारे काही कागदोपत्री नोंदलेले आहे. तरीही त्याची गोष्ट सांगताना ती हळूहळू दांतेसच्या गोष्टीसारखी होत गेली. खवळलेला समुद्र, मैलोन्‌मैल पोहणे, वरून गोळ्यांचा वर्षाव. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला समुद्र तसा परकाच. पोहणे शिकायचे ते विहिरीत, नाही तर तापी-गिरणेच्या डोहात. ‘समुद्रात उडी’ हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर अथांग पाणी येणे स्वाभाविक आहे. पण ८ जुलै १९१० च्या सकाळी जे घडले त्याचे खरे महत्त्व त्या पाण्यात शोधून सापडत नाही.

सुरुवात नाशिकपासून करावी लागते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्यालये झाली होती. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात त्याच सुमारास ‘अभिनव भारत’ या गुप्त संघटनेचे जाळे विणले जात होते. जून १९०९ मध्ये गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पिस्तुले लंडनहून आली होती, आणि तो धागा पोलिसांना बाबारावांच्या धाकट्या भावापर्यंत, विनायकरावांपर्यंत घेऊन गेला. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून लंडनला परतताच व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. त्यांचा खटला हिंदुस्थानात चालावा असा इंग्लंडमधील न्यायालयांचा निर्णय झाला, आणि जुलैच्या प्रारंभी पी. अँड ओ. कंपनीच्या ‘मोरिया’ या आगबोटीवर त्यांना चढवण्यात आले.

लंडनहून मुंबईला निघालेली बोट मार्सेयला कशासाठी थांबे, हा प्रश्न रास्त आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून मार्सेय हे पूर्वेचे दारच बनले होते. बिस्केच्या उपसागरातील वादळी प्रवास टाळू इच्छिणारे सधन प्रवासी लंडनहून रेल्वेने फ्रान्स ओलांडत आणि येथे बोट गाठत. टपालाचाही वेळ वाचे. थोडक्यात, हा थांबा कंपनीच्या नेहमीच्या वेळापत्रकातला होता. राजकीय कैद्याला परदेशी बंदरातून नेण्याचा धोका लंडनला दिसत नव्हता असे मात्र नाही. २९ जून रोजीच लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसमधील सुरक्षा खात्याच्या संचालकांना पत्र लिहून कळवले होते की अमुक कैदी अमुक बोटीने येत आहे. त्यावरून ४ जुलै रोजी फ्रान्सच्या गृहखात्याने मार्सेयच्या प्रिफेक्टला तार केली. युरोपातील हिंदी क्रांतिकारक या कैद्याला सोडवण्याचा प्रयत्न करतील, तेव्हा बंदोबस्त ठेवावा, असा तिचा आशय होता.

पुढच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली या पत्रात आणि तारेत आहे. फ्रेंच पोलीस धक्क्यावर उभे होते ते बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून. आतला माणूस बाहेर आला तर त्याचे काय करायचे, याचा विचार दोन्ही राजधान्यांत कोणी केलेला दिसत नाही.

‘मोरिया’ ७ जुलैच्या संध्याकाळी मार्सेयला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास सावरकरांनी शौचकूपात जाण्याची परवानगी मागितली. दोन हिंदी पोलीस दाराबाहेर उभे राहिले. आतील पोर्टहोल, म्हणजे बोटीच्या कुशीतली गोल खिडकी, उघडी होती. पहारेकऱ्यांना संशय येऊन दार ढकलेपर्यंत कैद्याचे अर्धे शरीर बाहेर गेले होते. पुढच्या क्षणी ते पाण्यात होते.

बोट भर समुद्रात नांगरलेली नव्हती. मार्सेयचे जुने बंदर मोठ्या आगबोटींना अपुरे पडू लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच्या उत्तरेस, ला जोलिएत भागात, लाटा अडवणारा लांबलचक बांध घालून नव्या गोद्या उभारण्यात आल्या होत्या. मोठ्या बोटी तेथे लागत. पाणी गोदीचे, धक्का जवळ. पोहणे मिनिटांच्या हिशेबातले होते. गोळ्यांच्या वर्षावाला तर लवादाच्या निवाड्यात जागाच नाही. याने त्या कृतीचे धाडस कमी होत नाही. दोन पहारेकरी दाराशी असताना अरुंद खिडकीतून अंग काढणे, अपरिचित धक्क्यावर चढणे आणि ओलेत्या अंगाने परक्या शहराच्या दिशेने धावत सुटणे यांना वेगळ्या अतिशयोक्तीची गरज पडत नाही.

धक्क्यावर चढल्यावर सावरकर काही शे पावले धावले. मागून आरडाओरडा होत होता. समोर फ्रेंच सागरी पोलीस दलाचा पेस्किए नावाचा ब्रिगेडियर आला. या हुद्द्याने दचकू नये. फ्रेंच पोलीस दलात ब्रिगेडियर म्हणजे फार तर आपल्याकडचा हवालदार. त्याने त्यांना पकडले. सावरकरांचे म्हणणे असे की आपल्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे अशी मागणी त्यांनी त्याच्याकडे केली होती. तसे घडले नाही. बोटीवरून धावत आलेल्या माणसांच्या मदतीने पेस्किएने त्यांना परत ‘मोरिया’वर नेऊन पोहोचवले. मॅडम कामा आणि व्ही. व्ही. एस. अय्यर त्यांना नेण्यासाठी मोटारीने येत होते आणि थोडक्यात चुकामूक झाली, असे सांगितले जाते. त्या मोटारीवर जेवढे लिहिले गेले तेवढे पेस्किएवर लिहिले गेले नाही, हे नवल आहे.

कारण खरा प्रश्न पेस्किएच्या मुठीत होता. त्या काही मिनिटांत सावरकर फ्रान्सच्या भूमीवर उभे होते. ब्रिटिश पोलिसांचा अधिकार धक्क्याच्या काठाशी संपत होता. फ्रान्स राजकीय आश्रयाला मान देणारे राष्ट्र म्हणवून घेत असे, आणि ब्रिटन व फ्रान्स यांच्यातील १८७६ च्या प्रत्यार्पण करारातून राजकीय गुन्हे वगळलेले होते. फ्रान्सच्या भूमीवरून माणूस परत न्यायचा तर ब्रिटनने रीतसर मागणी करायची, फ्रेंच न्यायालयाने ती तपासायची आणि मग निर्णय व्हायचा, हा मार्ग होता. या संपूर्ण मार्गाऐवजी एका हवालदाराचा हात पुरला.

९ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता ‘मोरिया’ निघून गेली. त्याच तारखेला पॅरिसच्या संचालकांनी लंडनच्या पत्राला उत्तर लिहिले, की बोटीवर काही अनुचित प्रकार घडू नये यासाठी आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत. एव्हाना प्रकार घडून एक दिवस लोटला होता.

बोट भूमध्य समुद्रात असतानाच पॅरिसच्या वृत्तपत्रांत खळबळ सुरू झाली. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने समाजवादी ‘ल्युमानिते’तून हे प्रकरण उचलून धरले. जाँ जोरेस यांचा पाठिंबा होताच. त्यांचा आक्षेप फ्रान्सच्या सार्वभौमत्वाशी निगडित होता: आमच्या भूमीवरून आमच्याच पोलिसाच्या हातून आश्रयाचा हक्क मोडला गेला. फ्रेंच सरकारला ब्रिटनकडे कैदी परत मागावा लागला. ब्रिटनने नकार दिला. पण १९०४ पासून या दोन देशांची मैत्री जमली होती आणि जर्मनीच्या वाढत्या सामर्थ्याकडे पाहता ती कोणालाच मोडायची नव्हती. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोघांनी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपवण्याचा करार केला.

लवादात पाच जण होते. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्त अध्यक्ष, फ्रान्सचे लुई रेनो, ब्रिटनचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे लोहमन. म्हणजे वादातील दोन्ही सरकारांचा एकेक माणूस न्यायासनावर होता. ज्याच्याविषयी वाद चालला होता तो मात्र पक्षकार नव्हता, आणि त्याच्या देशालाही तेथे आवाज नव्हता. हे दोन साम्राज्यांमधील मालकीहक्काचे भांडण होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. लवादाने मान्य केले की ज्या प्रकारे सावरकरांना पकडून ब्रिटिश पोलिसांच्या हवाली केले गेले त्यात अनियमितता होती. पण ब्रिटिशांनी फसवणूक केली नाही की बळजबरी केली नाही. त्या पत्रव्यवहारामुळे फ्रेंच पोलिसांकडून सहकार्याची अपेक्षा धरणे त्यांना स्वाभाविक होते. परकीय अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी हाती आला असेल तर तो परत केलाच पाहिजे, असा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे लवादाने ठरवले. सुटका रोखण्यासाठी लिहिलेले २९ जूनचे ते पत्र अशा रीतीने सुटकेनंतरही ब्रिटनच्या कामी आले.

हा युक्तिवाद तेव्हाही अनेक कायदेपंडितांना पटला नाही. चूक मान्य करायची आणि ती दुरुस्त करायचे बंधन मात्र नाकारायचे, यातील विसंगती उघड आहे. परदेशातून बेकायदा पकडून आणलेल्या आरोपीवर खटला चालवता येतो का, या प्रश्नाच्या चर्चेत हा निवाडा आजही अभ्यासला जातो.

मुंबईने हेगची वाट पाहिलीही नव्हती. ‘मोरिया’ने एडनपर्यंत आणलेल्या सावरकरांना तेथे ‘साल्सेट’ बोटीवर चढवून २२ जुलै रोजी मुंबईत उतरवण्यात आले. सप्टेंबरात तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायालयापुढे खटला उभा राहिला. २४ डिसेंबर १९१० रोजी पहिली जन्मठेप झाली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. एकूण ५० वर्षे. हेगचा निवाडा यायला अजून साडेतीन आठवडे बाकी होते. निवाडा उलटा लागला असता तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच केवळ कल्पनाविलास नाही. दोन जन्मठेपा ठोठावलेला कैदी ब्रिटनला फ्रान्सच्या हवाली करावा लागला असता.

येथे एका लाडक्या समजुतीचाही निकाल लावायला हवा. या प्रकरणामुळे फ्रान्सचे पंतप्रधान ब्रियाँ यांना राजीनामा द्यावा लागला, असे मराठीत वारंवार छापले जाते. निवाडा २४ फेब्रुवारीचा, राजीनामा २७ फेब्रुवारीचा. तारखा जवळच्या आहेत हे खरे. परंतु ब्रियाँ गेले ते फ्रान्समधील धार्मिक संघांविषयीच्या वादात संसदेतील बहुमत निसटते झाल्यामुळे. दोन घटना एकाच आठवड्यात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. भाषणांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही.

सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानला पोहोचले. मार्सेयच्या धक्क्यावर हिंदी माणसे उतरतच राहिली. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजनचे सैनिक याच बंदरात उतरले आणि तेथून आघाडीवर गेले. चार वर्षांपूर्वी एका हिंदी माणसाला ज्या बंदरातून हुसकून परत बोटीवर चढवले गेले, तेथेच आता गर्दी हिंदी पलटणींना पाहून टाळ्या वाजवत होती. त्यांतील कित्येकांची नावे शहराच्या दक्षिणेकडील माझार्ग युद्धस्मशानभूमीत आहेत. ११ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी ‘राजपुताना’ बोटीतून येथेच उतरले आणि रेल्वेने पुढे गेले.

दिवसभराच्या फेरीत वाटाड्या शातो दीफला नेईलच. ला जोलिएतच्या गोद्या त्याच्या यादीत बहुधा नसतात. त्या मागून घ्याव्या लागतात. जुन्या बंदरापासून पायी वीसएक मिनिटांचे अंतर आहे. बांध अजून आहे, त्याच्या आतले पाणी संथ आहे, आणि आता तेथून कोर्सिकाला जाणाऱ्या बोटी सुटतात.