दुसरी बॅटरी

परवा नेदरलँड्सहून मुलीचा फोन आला. तिच्याकडे पुढे मोठी पेटी असलेली विजेची सायकल आहे. पेटीत माझी दोन नातवंडं, त्यांची दप्तरं आणि येताना भाजी. जानेवारीत ऐन थंडीत घर तीन किलोमीटरवर असताना बॅटरी संपली. वर पाऊस, धाकटा रडतोय आणि ती जड सायकल ही एकटी रेटतेय. तेव्हापासून तिने धसकाच घेतलाय. "आई, दुसरी बॅटरी घेऊ का गं? पाचशे युरो जातील."

आता मला विजेतलं काय कळतंय! पण जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून सवयीने मागे बघितलं. तर हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा निघाला!

१८९७ साली लंडनमध्ये वॉल्टर बर्सी याने विजेच्या टॅक्स्या आणल्या. शिशाच्या अवजड बॅटऱ्या, एका चार्जमध्ये जेमतेम तीसेक मैल. मग डेपोत जाऊन यंत्राने रिकामी बॅटरी काढायची, भरलेली बसवायची. टॅक्सी तासन् तास उभी राहिली तर कमाई बुडणार, म्हणून जादा बॅटऱ्या हव्याच. पण वजनाने टायर झिजत, धक्क्यांनी बॅटऱ्या बिघडत. १८९९ मध्ये धंदा गुंडाळला.

पुढे अमेरिकेत हार्टफर्डच्या वीज कंपनीने युक्ती केली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी कंपनीची, ती बदलून मिळणार, पैसे मैलांवर. १९२४ पर्यंत हे चाललं आणि ते ट्रक ६० लाख मैलांहून जास्त धावले.

म्हणजे दुसरी बॅटरी कुणाला? ज्याचं वाहन दिवसभर थांबत नाही त्याला. लेकीची सायकल रोज १४ किलोमीटर धावते आणि रात्रभर घरी उभी असते. बॅटरी ५०० वॅट-अवरची. ओझ्यासकट किलोमीटरला १५ धरले तरी दिवसाला २१०. थंडीने पाव हिस्सा खाल्ला तरी ३७५ उरतात. मग संपली कशी? खोदून विचारलं, तेव्हा कळलं की आदल्या रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं होतं. दोन दिवसांचे २८ किलोमीटर, बॅटरी पुरली २५. हिशोब चोख!

शिवाय लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होतेच. म्हणून म्हटलं, "बॅटरी नको, दुसरा चार्जर घे आणि ऑफिसात ठेव."

ती म्हणाली, "बरं." पण त्या 'बरं'मध्ये दम नव्हता.

फोन ठेवल्यावर आठवलं. मी सायकलने शाळेत जायचे तेव्हा पर्समध्ये टॉर्चचे दोन जादा सेल असत. वर्षानुवर्षं, कधीही लागले नाहीत. पण ते नसते तर हिवाळ्यात अंधार पडल्यावर मी त्या रस्त्याने निघाले असते का?

रात्री पुन्हा फोन केला. म्हटलं, "आधी चार्जर घे. पुढच्या हिवाळ्यातही भीती वाटली तर खुशाल बॅटरी घे. अर्धे पैसे माझे."

असो. तुम्ही काय सांगितलं असतं?