काडाचे अस्वल

शाळेच्या स्नेहसंमेलनात शेतकरी-नृत्य बसवितात. नाचणाऱ्या मुलांना मजुरीचा दर मात्र ठाऊक नसतो. म्हणून आज आम्ही श्रोत्यांना पूर्व इंग्लंडमधील फेन्स या पाणथळ मुलखात नेत आहोत.

वाम मासे, पाणपाखरे आणि बोरू यांवर जगणाऱ्यांचा हा मुलूख. सतराव्या शतकात बेडफर्डचे अर्ल आणि त्यांचे भागीदार यांनी व्हरमायडेन या डच अभियंत्याकडून कालवे खणवून पाणी काढले. लोकांनी बांध फोडले; पण जमीन अखेर भांडवलवाल्यांचीच झाली. १८५१ च्या सुमारास व्हिटलसीचे प्रचंड तळेही पंपाने उपसले गेले. त्या वेळी जवळच्या होम फेन येथे जमिनीत एक लोखंडी खांब पुरला, टोक जमिनीबरोबर ठेवून. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही. पाण्यावाचून काळी माती आक्रसून खाली बसली.

मासेमार शेतमजूर झाले. जानेवारीत जमीन गोठे, काम बंद, मजुरीही बंद. मग ‘नांगर-सोमवारी’ मजूर नांगर ओढीत दारोदार पैसे मागत. मालकाने ओळखू नये म्हणून तोंडाला काजळी. (वर्गणीची पावती चपलेत लपविणारे सभासद आम्ही पाहिले आहेत, आम्हांस या काजळीचे नवल वाटत नाही.) दुसऱ्या दिवशी व्हिटलसीत एका गड्याला गव्हाच्या काडात गुंडाळून, अस्वल म्हणून दाव्याने धरून नाचवीत. १९०९ साली एका पोलीस अधिकाऱ्याने ही भीक ठरवून बंद पाडली. बेकारी बंद पाडण्याचा अधिकार त्याला नसावा!

१९८० साली गावकऱ्यांनी अस्वल पुन्हा उठविले. वादक, नर्तक जमले, शाळेतली मुलेही नाचू लागली. २००१ पासून ‘ग्रेट फेन’ योजनेने तिथल्या काही शेतांत पाणी परत आणण्याचे काम हाती घेतले, आणि कलावंत मुलांना घेऊन त्या ओल्या रानात हिंडू लागले. मुले बोरू चितारतात, पाखरांचे आवाज काढतात. हे आम्हांस मनापासून आवडते. पण खांबापाशी मान वर करून उभ्या राहिलेल्या मुलाला माती का खचली एवढेच सांगून भागणार नाही; ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हेही सांगावे लागेल. कलावंत ते टाळतील, तर उरेल ते नुसते काड; आणि काड तर उत्सवाच्या शेवटी जाळण्याचीच तिथे रीत आहे.