सखुबाई जानोरकर
सखुबाई झिंगराजी जानोरकर या एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडच्या ग्रामीण भागातील स्त्री व संत गाडगेबाबा यांच्या मातोश्री होत. त्यांच्याविषयीची माहिती प्रामुख्याने पुत्राच्या चरित्रग्रंथांतून मिळते.

कुटुंब
सखुबाईंचे सासर अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव (अंजनगाव सुर्जी तालुका), तर माहेर अकोला जिल्ह्यातील दापुरे (मूर्तिजापूर तालुका) होते. जानोरकर घराणे परीट समाजातील होते. त्यांचा पुत्र डेबूजी याचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. मद्यपानाच्या व्यसनामुळे पती झिंगराजी यांचे १८८४ मध्ये निधन झाले. त्यानंतर सखुबाई डेबूजीसह दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे त्यांचे बंधू चंद्रभान यांच्या शेतीत डेबूजीने गुरे राखली व नांगर धरला. पुढे ही जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. १८९२ मध्ये डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. घरातील मद्य व कर्ज यांच्या या अनुभवांचे प्रतिबिंब गाडगेबाबांच्या कीर्तनांतील उपदेशात आढळते.

आडनाव
‘गाडगे’ हे या घराण्याचे आडनाव नव्हे. डेबूजी जवळ बाळगत असलेल्या मातीच्या गाडग्यावरून ते लोकांत रूढ झाले. त्यामुळे सखुबाईंच्या सासरच्या कुळाचा शोध ‘जानोरकर’ या आडनावानेच घ्यावा लागतो.