देह, जीव आणि ‘मी’ : केशी-प्रदेशी संवादापासून कुंथलगिरीपर्यंत

जैन दर्शनाच्या इतिहासात ज्या प्रश्नांनी आचार्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारास प्रवृत्त केले, त्यांत ‘जीव आणि शरीर एकच की भिन्न?’ हा प्रश्न अग्रभागी आहे. भगवान महावीरांकडे वादासाठी आलेल्या आणि पुढे गणधर झालेल्या अकरा विद्वानांपैकी इंद्रभूती गौतमांची शंका जीवाच्या अस्तित्वाविषयी होती, तर त्यांचे बंधू वायुभूती यांची शंका नेमकी हीच होती, असे श्वेतांबर परंपरा सांगते. जिनभद्रगणी क्षमाश्रमणांनी ‘विशेषावश्यक भाष्या’त या शंकांचे सविस्तर निरसन केलेले आहे.

जीव देहाहून भिन्न आहे, हे उत्तर आज प्रत्येक श्रावकाच्या मुखी असते. स्वाध्यायात ते म्हटले जाते, घरात मृत्यू झाला असता सांत्वनासाठीही तेच सांगितले जाते. परंतु हे उत्तर दिसते तितके सोपे नाही. ते अर्धेच स्वीकारले, तर अहिंसा या धर्माच्या पायालाच धक्का बसतो. या धोक्याची पूर्ण जाणीव असलेल्या आचार्यांनी त्यावर कोणता मार्ग काढला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या चर्चेचा सर्वांत रसाळ नमुना ‘राजप्रश्नीय’ या श्वेतांबर उपांगसूत्रात आढळतो. सेयविया अर्थात श्वेतांबिका नगरीचा राजा प्रदेशी हा पक्का देहात्मवादी होता. शरीर हाच जीव, शरीर संपले की सारे संपले, अशी त्याची धारणा होती आणि तिला साजेसा त्याचा कारभार क्रूर होता. त्याचा चित्त नावाचा सारथी राजकार्यासाठी श्रावस्तीस गेला असता पार्श्वपरंपरेतील केशीकुमार श्रमणांचा उपदेश ऐकून श्रावक झाला. त्याने श्रमणांना आपल्या नगरीस येण्याची विनंती केली आणि पुढे घोड्यांची परीक्षा पाहण्याच्या निमित्ताने राजाला ते उतरले होते त्या उद्यानात आणले. तेथे जो संवाद घडला, त्याला भारतीय तत्त्वचर्चेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. बौद्धांच्या दीघनिकायातील ‘पायासी सुत्ता’तही हाच राजा जवळजवळ त्याच शंका घेऊन येतो, उत्तर देणारे तेथे कुमार कस्सप आहेत. दोन परंपरांनी एकच कथा जपावी, यावरून हा राजा त्या काळी किती लोकांच्या मनातले बोलत होता, हे ध्यानात येते.

प्रदेशीची शंका हवेतील नव्हती. माझे आजोबा अधार्मिक होते. तुमच्या मते ते नरकात गेले असतील, तर नातवावरील प्रेमापोटी ते मला सावध करण्यास का आले नाहीत, असे त्याने विचारले. केशींनी उलट विचारले : हे राजन्, तुझ्या राणीशी व्यभिचार करताना पकडलेला अपराधी ‘घरच्यांना सांगून येतो’ म्हणाला, तर तू त्याला सोडशील काय? यानंतर राजाने आपले ‘प्रयोग’ सांगितले. एका चोराला त्याने जिवंतपणी लोखंडी कुंभीत कोंडून ती सर्व बाजूंनी बंद केली. चोर मेला, पण जीव बाहेर पडल्याची एकही फट दिसली नाही. केशींनी बंद घरात वाजविलेल्या भेरीचा दाखला दिला. तिचा नाद भिंतीला छिद्र न पाडताच बाहेर येतो. दुसऱ्या एका चोराला राजाने मरणापूर्वी व मरणानंतर तोलले. वजनात फरक नव्हता. तिसऱ्याचे तर त्याने तुकडे तुकडे करून पाहिले आणि जीव कोठेच सापडला नाही. तेव्हा केशी म्हणाले, की राजा, तू त्या मनुष्यासारखा मूढ आहेस, ज्याने अरणीत अग्नी आहे असे ऐकले आणि अग्नी शोधण्यासाठी लाकडाच्या ढलप्या केल्या.

वजनाच्या शंकेवर केशींनी हवा भरलेल्या व रिकाम्या चामडी पिशवीचे उदाहरण दिले आहे. हवेलाही वजन असते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असल्याने हा दृष्टांत तेवढा बळकट राहिलेला नाही, हे मान्य करण्यास हरकत नसावी. मात्र राजाची चूक जुनी झालेली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील डंकन मॅकडुगल या डॉक्टरांनी मरणासन्न रुग्णांना तराजूवर ठेवून आत्म्याचे वजन काढण्याचा प्रयत्न केला आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका रुग्णावरून निघालेला ‘एकवीस ग्रॅम’ हा आकडा पुढे गाजला. इतर रुग्णांच्या नोंदी त्याच्याशी जुळल्या नाहीत. राजाला वजन सापडले नाही म्हणून त्याने जीव नाकारला, डॉक्टरांना ते सापडल्यासारखे वाटले म्हणून त्यांनी तो मानला. अमूर्त द्रव्य तराजूत येत नाही, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नाही.

या संवादातील एक गोष्ट सहसा निसटते. राजाने जीवाचा शोध घेतला तो स्वतःच्या ठायी नव्हे. बांधून आणलेल्या, असहाय माणसांच्या देहात घेतला. शरीर हेच सर्वस्व मानणाऱ्याच्या हाती परक्याचे शरीर केवळ लाकूड होऊन गेले. केशींच्या अरणीच्या दृष्टांतात हा निषेधही दडलेला आहे.

शेवटच्या प्रश्नांपैकी एक होता, हत्ती आणि कुंथू यांच्यातील जीव सारखाच आहे काय? कुंथू म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा सूक्ष्म कीटक. केशी म्हणाले, होय. दिवा खोलीत ठेवला तर खोली उजळते, भांड्याखाली झाकला तर तेवढीच जागा उजळते. संकोच-विस्ताराचा हाच प्रदीपदृष्टांत दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तही आला आहे. जैन दर्शनाचे वेगळेपण येथे स्पष्ट होते. येथे जीव सर्वव्यापी नाही, हृदयातील अंगुष्ठमात्र ज्योतही नाही. तो ज्या देहात असतो त्या देहाएवढा असतो. बोटाला ठेच लागली की वेदना बोटातच जाणवते, कारण जीव तेथेही आहे. भिन्न असूनही इतका निकट, असा हा संबंध आहे.

आचार्य कुंदकुंदांनी ‘समयसारा’त या निकटतेची दोन अंगे स्वच्छ वेगळी केली. व्यवहारनयाने जीव आणि देह एक आहेत. निश्चयनयाने ते कदापि एक नाहीत. देहाची स्तुती केल्याने केवली भगवंतांची स्तुती होत नाही, जसे नगराचे वर्णन केल्याने राजाचे वर्णन होत नाही, असेही त्यांनी सांगितले. मग ‘मनुष्य’ कोणाला म्हणावे? ‘प्रवचनसारा’वरील टीकेत अमृतचंद्राचार्य मनुष्यादी अवस्थांना जीव व पुद्गल यांचा ‘असमानजातीय द्रव्यपर्याय’ म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर ‘अमुक गावचा, अमुक कुळातला, अमुक नावाचा मी’ हा निव्वळ आत्मा नव्हे आणि निव्वळ देहही नव्हे. दोन भिन्न जातींच्या द्रव्यांच्या संयोगातून उभी राहिलेली ती एक अवस्था आहे. तिला आरंभ आहे व अंतही आहे. तैजस आणि कार्मण ही सूक्ष्म शरीरे मात्र एका गतीतून दुसऱ्या गतीत जातानाही संसारी जीवाची साथ सोडत नाहीत. संपूर्ण देहरहित असतो तो केवळ सिद्ध.

आणि येथेच तो धोका उभा राहतो. जीव जर मरतच नाही आणि देह जर त्याचा नाहीच, तर कोणाला मारले असता हिंसा कशाची झाली? हा प्रश्न प्रतिपक्षाने विचारला, तसा तो आळशी भाविकाच्या मनातही येऊ शकतो. ‘समयसारा’वरील ‘आत्मख्याती’ टीकेत अमृतचंद्रांनी त्याला जे उत्तर दिले आहे, ते प्रत्येक स्वाध्यायगटाने थांबून वाचावे असे आहे. त्यांचा आशय असा, की व्यवहारनय दाखविलाच नाही आणि केवळ परमार्थाने जीव व शरीर भिन्न एवढेच धरले, तर त्रस-स्थावर जीवांना निःशंकपणे चिरडणे हे राख चिरडण्यासारखेच ठरेल; हिंसा उरणार नाही, बंध उरणार नाही आणि मोक्षाचा उपायही उरणार नाही.

निश्चयाचा एवढा मोठा पुरस्कर्ता हे लिहितो, याला महत्त्व आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’नेही हिंसेची व्याख्या ‘जीवाचा नाश’ अशी न करता प्रमादाने केलेला प्राणांचा वियोग अशी केली. पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास हे दहा प्राण देहाच्या आश्रयाने असतात; ते तुटताना जीवाला दुःख होते, म्हणून ती हिंसा. प्रदेशी राजाने जीव नाकारून माणसांचे लाकूड केले. एकांतिक निश्चयवादी जीव मानूनही त्यांची राख करतो. निष्पत्ती एकच. म्हणून देहाविषयीचा भेदविज्ञानाचा पाठ मुख्यतः स्वतःच्या देहासाठी आहे, परक्याच्या देहाला तो लावून मोकळे होता येत नाही, असा या साऱ्या चर्चेचा रोख दिसतो.

याच कसोटीवर सल्लेखनेचा विचार करावा लागतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना-संथाऱ्याला आत्महत्येच्या तरतुदींखाली आणणारा निर्णय दिला. २४ ऑगस्टला देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या दिवसांत अनेकांनी ‘देह नश्वर, आत्मा अमर’ एवढेच उत्तर दिले. हे उत्तर अपुरे होते, कारण एवढ्यावर तर कोणत्याही आत्मघाताचे समर्थन होऊ शकेल. शास्त्रकारांनी यापेक्षा अधिक काटेकोर भूमिका घेतली आहे. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त उपसर्ग, दुष्काळ, जरा किंवा रोग यांवर कोणताच उपाय उरला नसेल तरच धर्मासाठी देहत्याग सांगितला आहे. ‘सर्वार्थसिद्धी’त पूज्यपादांनी व्यापाऱ्याची उपमा दिली : कोठाराला आग लागली, तर तो आधी कोठार वाचविण्याची शिकस्त करतो आणि ते अशक्य झाले तरच आतील मोलाचा माल वाचवितो. जगण्याच्या इच्छेप्रमाणेच लवकर मरण यावे ही इच्छाही सल्लेखनेचा अतिचार, म्हणजे दोष मानली आहे. निवृत्त न्यायमूर्ती टी. के. तुकोळ यांनी सल्लेखना ही आत्महत्या नव्हे, असे कायद्याच्या व शास्त्राच्या आधारे मांडणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला; अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संस्थेने तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. २०१५ च्या वादाच्या कितीतरी आधी आपल्या भागाशी जवळीक असलेल्या एका कायदेपंडिताने ही बाजू मांडून ठेवली होती, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

महाराष्ट्रातील जैन समाजाच्या स्मरणात या विषयाचे एक उदाहरण कायमचे कोरलेले आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज हे भोजच्या पाटील घराण्यातील; पूर्वाश्रमीचे नाव सातगौडा, जन्म १८७२ चा. धवल सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याचे कार्य त्यांच्याच प्रेरणेने झाले. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १४ ऑगस्ट १९५५ रोजी, कुलभूषण-देशभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्री कुंथलगिरी येथे त्यांनी यम सल्लेखना घेतली. कुंथलगिरी तेव्हा हैदराबाद राज्यात होते. आज ते धाराशिव जिल्ह्यात आहे. प्रकृती एकंदरीत साथ देत असताना महाराजांनी हा निर्णय घेतला, कारण त्यांची दृष्टी मंदावली होती. दिगंबर मुनीला चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे लागते, आहार स्वतः निरखून घ्यावा लागतो. डोळे गेले की ईर्यासमिती व एषणासमिती पाळणे अशक्य होते. पायाखाली आलेला कुंथू ज्या देहाला दिसणार नाही, तो देह राखण्यासाठी व्रत सोडायचे की व्रत राखण्यासाठी देह, असा हा प्रश्न होता. आपला देह त्यांनी सोडला तो परक्या देहांची काळजी घेणे त्याला जमेनासे झाले म्हणून.

आचार्यपद त्यांनी शिष्य वीरसागर मुनींकडे सोपविले. सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीत दिलेला अंतिम संदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. आत्मचिंतन करा आणि संयमाला भिऊ नका, हा त्यातील आग्रह आजही अनेक घरांत ऐकला जातो. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी सकाळी, त्यांचे समाधिमरण झाले.

त्या पाच आठवड्यांत लांबलांबून आलेल्या श्रावक-श्राविकांची डोंगरावर रीघ लागली होती. ते सारे दिवसेंदिवस क्षीण होत चाललेल्या देहाचेच दर्शन घेत होते. कुंदकुंदांच्या निश्चयाने पाहिले, तर तो नगराला केलेला नमस्कार होता, राजाला नव्हे. पण व्यवहारनयाने तो महाराजांनाच केलेला नमस्कार होता आणि महाराजांनी कोणाला माघारी धाडले नाही.