गश्तीपासून सावलीपर्यंत

आज आपण या मंडपात मोकळेपणी बसलो आहोत. आपल्या आजोबांना ही सोय नव्हती. निजाम सरकारने 1929 साली 'गश्ती निशाण 53' काढली. गश्ती म्हणजे परिपत्रक. तेव्हापासून नांदेड असो वा लातूर, जाहीर सभेला आधी सरकारची परवानगी लागू लागली. तरीही महाराष्ट्र परिषद 1938 साली लातूरला आणि 1941 साली उमरीला भरलीच! तो हुकूम कागदावर होता, वाचता येत होता. म्हणून त्याच्याशी झगडताही आले.

आजची पाळत अशी हाती लागत नाही. ती कशी असते हे मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी 2007 सालच्या 'शॅडो 3' या कलाकृतीत दाखविले. कॅमेरा प्रेक्षकाची सावली टिपतो, संगणक ती पडद्यावर टाकतो आणि वरून घसरत येणाऱ्या वस्तू तिला चिकटत जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला खरा. पण आमच्या एका कारखान्यात चेहरा पाहून हजेरी लावणारे यंत्र बसले, तेव्हा एका बाईंनी विचारले, "साहेब, माझं तोंड ठेवता कुठं?" साहेबांना ठाऊक नव्हते. आम्ही लेखी अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे.